लक्षण आणि यजमान

वाङ्मय म्हणजे केवळ ललित वाङ्मय नव्हे, असें आपण व्याख्यानपीठावरून वारंवार सांगतों आणि परीक्षण लिहावयास बसलों कीं पुन्हा कादंबरी व काव्यसंग्रह यांनाच हात घालतों. बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख यांना इतिहाससंशोधकांच्या कृपेनें साहित्याच्या ओसरीवर थोडी जागा मिळाली. परंतु ज्याचे नमुने जगांत दर वर्षीं हजारोंनीं छापले जातात, ज्याचे नियम छंदःशास्त्राहून कडक आहेत, आणि ज्यांतील एका विशेषणाच्या चुकीनें शेतकऱ्याचें पीक हातचें जाऊं शकतें, असा एक लेखनप्रकार परीक्षकांनीं अजून दाराबाहेरच उभा ठेवला आहे. नव्या प्राणिजातीचें वर्णन, हा तो प्रकार. कीटकशास्त्र हा आमचा विषय नव्हे; इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा आमचा धंदा. परंतु लेखन म्हणून जें समोर येतें तें वाचावें कसें, एवढें सांगण्याचा अधिकार त्या धंद्यानें आम्हांस दिला आहे अशी आमची समजूत आहे.

परीक्षणासाठीं पुढें घेतलेला निबंध २०१३ सालीं न्यूझीलंडांतून निघणाऱ्या 'झूटॅक्सा' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. लेखक तिघे : गुप्ता, लोखंडे व सोमण, त्यांतील शेवटचीं दोन आडनांवें मराठी वाचकास परकीं वाटूं नयेत. विषय, द्वीपकल्पीय भारतांतील 'हेस्पेरिइडी' कुलाच्या फुलपाखरांवर जगणारे परोपजीवी कीटक; आणि त्यांत एका नव्या जातीचें वर्णन. या जातीस लेखकांनीं 'डॉलिकोजेनिडिया सिन्नारी' असें नांव दिलें आहे. ही गांधीलमाशीच्या गणांतील, पण गांधीलमाशी म्हटल्यावर जें भय मनांत उभें राहतें त्याच्याशीं कांहींएक संबंध नसलेली, चिमुकली काळसर माशी. ती 'बोर्बो सिन्नारा' नांवाच्या फुलपाखराच्या अळीच्या अंगांत वाढते. हें फुलपाखरूं तपकिरी, लहान आणि दिसण्यांत अगदीं सामान्य. त्याची अळी भाताचें किंवा गवताचें पान दुमडून त्याच्या पन्हळींत राहते व तेंच पान खाते. म्हणजे जेथें भाताचें खाचर तेथें ही अळी, आणि जेथें अळी तेथें तिचा काळ जवळपास असावयाचा. पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत किनारा आणि चिकूच्या वाड्या मागें टाकून पूर्वेस निघालें कीं भातखाचरांवांचून दुसरें फारसें दिसत नाहीं. हा निबंध आम्हीं त्या खाचरांस समोर ठेवून वाचला. त्याचें कारण पुढें ओघानें येईल.

अशा वर्णनाची भाषा प्रथमदर्शनीं कमालीची रुक्ष वाटते. वाक्यांत क्रियापद बहुधा नसतें. लेखक स्वतःचा उल्लेख करीत नाहीं. डोकें, शृंगिका, वक्ष, पंख, पाय, उदर असा क्रम ठरलेला, आणि प्रत्येक अवयवाची लांबी दुसऱ्या अवयवाच्या पटींत सांगितलेली. कोठें खांचा आहेत, कोठें पृष्ठ गुळगुळीत आहे, कोणती शीर पुढें जाते व कोणती मध्येंच थांबते, याखेरीज त्यांत कांहीं नाहीं. इंग्रजीच्या अभ्यासकास यांत शैली म्हणून कांहीं सांपडणार नाहीं. परंतु ज्यानें लहानपणीं थोडीं तरी सूत्रें घोकलीं आहेत त्यास ओळख पटावयास वेळ लागत नाहीं. थोडीं अक्षरें आणि संशयास जागा नाहीं, हा सूत्राचा जो आदर्श, तोच येथें आहे. फरक इतकाच कीं सूत्रावर भाष्य लिहिणारे पुढें येत. या वर्णनाचें भाष्य म्हणजे बाटलींत किंवा टांचणीवर जपून ठेवलेला एक कीटक. त्याला आदर्श नमुना म्हणतात, आणि शब्द व नमुना यांत विरोध आला तर शब्द हरतात. प्रत्येक शब्दास असा मूक साक्षीदार जन्मभर जोडलेला आहे, हें भाग्य म्हणावें कीं शिक्षा, हें आमच्या कवींनींच सांगावें.

प्राणिनामांची सध्यांची व्यवस्था लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून सुरू झाली असें मानतात. पुढें नियम घट्ट होत गेले, आणि १९३० नंतर दिलेल्या नांवास असें बंधन आलें कीं त्यासोबत ती जात इतरांपासून वेगळी पाडणारीं लक्षणें शब्दांत सांगितलींच पाहिजेत, किंवा तीं जेथें सांगितलीं असतील तो आधार दाखविला पाहिजे. हें वाचून आम्हांस युरोपाची आठवण झाली नाहीं, 'तर्कसंग्रहा'ची झाली. लक्षण म्हणजे असाधारण धर्म, आणि त्याचे तीन दोष : अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव. गाईचें लक्षण 'कपिल रंग' असें केलें तर काळी गाय बाहेर राहते. 'शिंगें असणें' असें केलें तर म्हैस आंत शिरते. 'एक खूर असणें' म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं. म्हणून शेवटीं गळ्याखालची पोळी धरावी. पाठशाळेंतील हें गाईचें उदाहरण आम्हीं थट्टेवारी नेत आलों. परंतु दोन मिलिमीटरच्या माशीची गळ्याखालची पोळी शोधण्यांत माणसांचीं आयुष्यें खर्ची पडलीं आहेत, आणि ती न सांपडल्यामुळें काय होतें याचा दाखला याच देशांत आहे.

'ट्रायकोग्रामा' ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची माशी उसाच्या व भाताच्या खोडकिड्यासारख्या किडींच्या अंड्यांत आपलें अंडें घालते. किडीची अळी जन्मण्यापूर्वींच तिचा निकाल लागतो. प्रयोगशाळेंत ती वाढवून पिकांत सोडण्याचे प्रयत्न भारतांत फार जुने. पण सोडतों आहों ती कोण? प्रथम तिला 'मिन्यूटम' व 'इव्हानेसेन्स' हीं अमेरिकेंतील व युरोपांतील जातींचीं नांवें चिकटविलीं गेलीं, मग ऑस्ट्रेलियांतील 'ऑस्ट्रॅलिकम' हें नांव आलें. बाहेरून पाहतां साऱ्या सारख्याच. जें लक्षण करावें तें शेजारणीसहि लागूं पडे. अतिव्याप्तीचा इतका सुबक नमुना नैयायिकांसहि सुचला नसता. बंगळूर येथें सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनीं १९६८ च्या सुमारास या माशांचे आपसांत संकर करून पाहिले आणि १९७१ सालीं दाखवून दिलें कीं खरा भेद नराच्या जननेंद्रियाच्या घडणींत आहे. तरी गोंधळ संपेना. १९७६ सालीं इटलीच्या व्हिजानीनें भारतांतील माशीस 'कन्फ्यूजम', म्हणजे घोटाळ्याची, असें नांव दिलें. त्या सर्व नांवांत प्रामाणिक असें तेंच एक होतें. शेवटीं १९७९ सालीं नागरकट्टी-नागराज यांनीं ती १९४१ सालीं जपानी इशीनें वर्णिलेली 'चिलोनिस' असल्याचें ठरविलें. आज खतें-बियाणांच्या दुकानांतून 'ट्रायकोकार्ड' म्हणून जी अंडीं चिकटविलेली पट्टी मिळते तिच्यामागें हा सारा शब्दांचा वाद उभा आहे. उसाला 'चिलोनिस' आणि भाताच्या खोडकिड्याला 'जपोनिकम' असा आज जो विवेक होतो, तो लक्षण नीट बसल्यावरच शक्य झाला.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. या लेखनप्रकारांत दोन घराणीं आहेत आणि त्यांचा भेद कोणत्याहि साहित्यांतील संप्रदायभेदाइतका खोल आहे. एका घराण्यांतील लेखक कीटक पकडतो. जाळें गवतावरून फिरवावें, पिवळ्या थाळींत पाणी ठेवावें, रात्रीं दिवा लावावा. जें सांपडेल तें मद्यार्कांत घालून वर्णावें. दुसऱ्या घराण्यांतील लेखक कीटक पकडीत नाहीं, तो त्याचा जन्म होऊं देतो. अळी आणावी, तिला रोज ताजें पान द्यावें, डबी साफ करावी, आणि तिच्या अंगांतून काय निघतें याची वाट पाहावी. पहिल्याचें वर्णन जलद होतें व पुष्कळ होतें. दुसऱ्याचें थोडें होतें. परंतु त्यांत एक ओळ अशी असते जी पहिल्यास कितीहि मोठ्या सूक्ष्मदर्शकानें लिहितां येत नाहीं : 'यजमान अमुक'.

परोपजीवी माशीचें यजमानाविना केलेलें वर्णन आमच्या मतें अर्धेंच वर्णन होय. कोतवालानें चोराचें नाक, कान, उंची लिहून घ्यावी आणि चोरी काय झाली हें लिहावयाचें विसरावें, तसा तो प्रकार आहे. (मराठींत 'यजमान' हा शब्द या अर्थीं रूढ झाला तेव्हां तो योजणाऱ्यास हंसूं आलें नसेल काय? ज्याच्या घरीं उतरावयाचें त्यालाच जेवून टाकणारा पाहुणा आणि त्याचा तो 'यजमान'! पण शब्द आतां रुळला आहे. शिवाय पाहुणा यजमानास शेवटपर्यंत जिवंत ठेवतो, एवढी मर्यादा तो पाळतोच. केवळ अंगावर जगणारा आणि अखेर जीव घेणारा यांतील भेद दाखविण्यासाठीं पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनींहि १९१३ मध्यें नवा शब्द घडविला. आपल्याकडे अजून दोघांसहि 'परोपजीवी' म्हणतात. हें अव्याप्तीचें नव्हे, आळसाचें उदाहरण आहे.)

पहिल्या घराण्याचा सर्वांत चमत्कारिक प्रतिनिधि म्हणजे अलेक्झांडर गिरो. जन्मानें अमेरिकन, आयुष्याचा उत्तरार्ध ऑस्ट्रेलियांत गेला, १९४१ सालीं वारला. यानें एकट्यानें तीन हजारांवर नव्या जाती वर्णिल्या. सरकारी प्रकाशनें त्याच्या लेखनास जागा देईनातशीं झालीं तेव्हां स्वतःच्या खर्चानें चोपडीं छापलीं, आणि त्यांत शृंगिकांच्या मोजमापांच्या शेजारीं कविता, धनलोभावर टीका, वरिष्ठांवर कोरडे! १९२० सालीं तर त्यानें एका सहकाऱ्याचें नांव वांकवून एक पूर्ण काल्पनिक जात 'वर्णिली', जिच्यांत पाहण्यासारखें कांहींच नाहीं हेंच तिचें लक्षण. वाङ्मयाचा अभ्यासक या मनुष्याच्या प्रेमांत पडणारच; आम्हीहि पडलों. परंतु प्रेम बाजूस ठेवून सांगावयाचें तर त्याच्या पुष्कळ वर्णनांत यजमानाचा पत्ता नाहीं, आणि मागून येणाऱ्यांस त्याच्या नमुन्यांचे तुकडे जुळवीत बसावें लागलें. आमच्या देशांतील कीटकांवर विलायतेंत बसून लिहिणारा पीटर कॅमेरॉन याच्याविषयीं तर प्रेमहि वाटत नाहीं. त्याच्या वर्णनांच्या निष्काळजीपणाबद्दल पुढच्या पिढीनें बोटें मोडलीं तीं योग्यच होतीं.

प्रस्तुत निबंध दुसऱ्या घराण्यांतला, आणि त्याचें पहिलें मोल येथें आहे. त्याच्या मथळ्यांतच यजमानाचें नांव आहे. नवी माशी ही त्यांतली नायिका खरी, पण कथा अळीची आहे. अळ्या वाढविण्याचा नाद आपल्याकडे मूळचा फुलपाखरांच्या छंदिष्टांचा. कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत ज्या अळ्यांचीं चरित्रें लिहिलीं, त्यांची परंपरा पुढें घरोघरच्या खिडकींत, मिठाईच्या रिकाम्या डब्यांत चालूं राहिली. या मंडळींस फुलपाखरूं हवें असतें. कोशांतून फुलपाखरूं न निघतां माशा निघाल्या म्हणजे 'फुकट गेलें' असें म्हणून डबी झटकण्याचा रिवाज होता. तें फुकट गेलेलेंच नेमकें शास्त्रास हवें होतें, हें गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणाच्या तरी ध्यानांत आलें, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय कृषि कीट संसाधन ब्यूरोंतील अंकिता गुप्ता यांच्यासारख्या वर्गीकरणज्ञांनीं अशा छंदिष्टांस नुसतें कोपऱ्यांत आभार मानून वाटेस न लावतां लेखक म्हणून शेजारीं बसविलें. २०१४ सालीं त्यांच्या व इतरांच्या नांवें 'चराक्सिस अथॅमस' या फुलपाखराच्या अळींतून निघालेली 'पॅरापँटिलिस अथॅमसी', तसेंच 'लायसिनिडी' कुलाच्या फुलपाखरांवरील चार नव्या जाती प्रसिद्ध झाल्या, त्या याच मार्गानें.

या नांवांची घडणहि पाहण्यासारखी आहे. 'सिन्नारा'ची ती 'सिन्नारी', 'अथॅमस'ची ती 'अथॅमसी'. मारणाऱ्यास मरणाऱ्याचें नांव. कोणास हा प्रकार विचित्र वाटेल तर त्यानें आपल्या देवघरांत डोकावावें. मुराचा शत्रु तो मुरारि, मधूस मारिला म्हणून मधुसूदन, कंसाचा तो कंसारि. कोणाचें काय केलें हेंच ज्याचें सांगण्यासारखें चरित्र, त्यास नांव देण्याची ही रीत आमच्या ओळखीचीच आहे. आणि स्थळावरून किंवा एखाद्या वरिष्ठाच्या नांवावरून पाडलेल्या नांवापेक्षां तिच्यांत ज्ञान अधिक आहे.

याच ठिकाणीं एका जुन्या दृष्टान्ताचा हिशेब चुकता करणें प्राप्त आहे. किडी-भिंगुरटीचा दृष्टान्त मराठी संतवाङ्मयांत पदोपदीं येतो. भिंगुरटीनें अळी उचलून मातीच्या घरांत कोंडावी, अळीनें भीतीनें तिचेंच ध्यान करावें, आणि ध्यान करतां करतां तिनें भिंगुरटी होऊन बाहेर पडावें. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंत ही शेवटची गुरु. आणि त्या स्कंधावरील आपली टीका एकनाथांनीं शके १४९५ मध्यें, म्हणजे १५७३ सालीं, काशीस पुरी केली. आज आपल्याला ठाऊक आहे कीं कुंभारीण आपल्या मातीच्या कोठडींत अळी बधिर करून ठेवते, तिच्याजवळ अंडें घालते, आणि बाहेर येते ती अळी नव्हे, अळी खाऊन वाढलेली कुंभारणीची लेक. परंतु एवढ्यावरून संतांस हंसणारांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं १६६० च्या सुमारास हॉलंडांत अळ्या वाढवून चित्रें काढणारा गुडार्ट डोळ्यांसमोर एकाच जातीच्या अळींतून कधीं फुलपाखरूं, कधीं माशा निघतांना पाहून, दोन्हीं त्या अळीचींच रूपें, असें समजला होता. निरीक्षण खरें होतें. आंत गेलेली अळी होती, बाहेर आलेली माशी होती. चुकली ती मधली पायरी. अळी ध्यानानें माशी होत नाहीं. तिचें मांस मात्र अक्षरशः माशी होतें. आणि सत्य दृष्टान्ताहून कमी विलक्षण नाहीं : 'डॉलिकोजेनिडिया' ज्या उपकुलांतली, त्यांतील माद्या अंड्यासोबत एका विषाणूचे कण अळीच्या अंगांत सोडतात. त्या विषाणूचा पिढीजात लेख माशीच्या स्वतःच्याच बीजांत सुमारें दहा कोटि वर्षें वाहत आला आहे, आणि त्याचें काम एवढेंच कीं अळीच्या शरीरानें आंतला पाहुणा ओळखूं नये. एकनाथांस हें कळतें तर त्यांनीं मायेवर केवढें रूपक उभारिलें असतें!

डार्विनला याच कुळीच्या माशांनीं हैराण केलें होतें. १८६० सालीं आसा ग्रेला लिहिलेल्या पत्रांत, जिवंत अळ्यांच्या अंगांत पोसले जाणारे हे कीटक दयाळू परमेश्वरानें बुद्ध्याच निर्माण केले असें आपल्यास मानवत नाहीं, असें त्यानें कबूल केलें. आमचा पारमार्थिक त्याच दृश्यांत तादात्म्य पाहतो, विलायती पारमार्थिक क्रौर्य पाहतो. जातिवर्णनाचा लेखक दोहोंपैकीं कांहींच पाहत नाहीं. तो पंखांतील शीर पाहतो. हा संयम आम्हांस मोलाचा वाटतो. तथापि तोच त्या लेखनाची मर्यादाहि आहे, आणि आमचें गाऱ्हाणें आतां सुरू होतें.

दोन वर्षांमागें श्रावणांत तलासरीच्या बाजूस एका खाचराच्या बांधावर एका वारली शेतकऱ्यानें आम्हांस एक अळी दाखविली. ती धड मेली नव्हती, धड हालत नव्हती. तिच्या पाठीकडेला पांढऱ्या तांदुळासारखे दाणे चिकटलेले. 'अंडीं घातलीं हिनें', म्हणून त्यानें पानासकट ती अंगठ्याखालीं चिरडली. दाणे म्हणजे माशांचे कोश होते. शत्रु आधींच संपलेला होता. मारले गेले ते मित्र. ज्या ज्ञानाची त्या क्षणीं त्या बांधावर गरज होती तें जगांत नव्हतें असें नाहीं. अशा जातींचीं वर्णनें छापलेलीं आहेत, नमुने बंगळुरास सुरक्षित आहेत. पण तीं ज्या भाषेंत व ज्या लिपींत आहेत त्यांतून त्या बांधापर्यंत वाट नाहीं. जातीचें नांव रोमन लिपींत असावें हा नियम आहे, आणि आम्ही त्याविरुद्ध नाहीं. परंतु वर्णनासोबत जेथील अळी तेथल्या भाषेंत दहा ओळी असूं नयेत असा नियम कोणीं केला आहे?

याला कोणी भाषाभिमान म्हणेल. आमचा अभिमान येथें गौण आहे. प्रश्न हिशेबाचा आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून ठरला. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं देखरेखीस प्राधिकरण आलें, आणि २०१९ च्या जानेवारींत निधन होईपर्यंत ते त्या कामीं राहिले. त्याच तालुक्यांत वाढवण येथील बंदरास जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळून ऑगस्टांत पायाभरणी झाली. बंदर असावें कीं नसावें, हा या परीक्षणाचा विषय नव्हे. पण अशा प्रसंगीं जे अहवाल होतात त्यांत झाडांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या याद्या असतात, आणि यादींत चढावयास आधीं नांव लागतें. ज्याला नांव नाहीं तो गेला तर गेल्याची नोंदहि होत नाहीं. अवर्णित माशी कायद्याच्या दृष्टीनें जन्मलेलीच नसते.

नांव आणि यजमान दोन्ही असले म्हणजे काय होतें याचें उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचें. हा मेक्सिकोकडचा कीटक २००८ सालीं कोइंबतूरजवळ आढळला व पपईचे, तुतीचे मळे पाहतां पाहतां वाळूं लागले. परंतु त्याच ढेकणावर वाढविलेल्या एका माशीचें वर्णन नॉयेस व शॉफ या दोघांनीं २००३ सालींच करून ठेवलें होतें. मथळ्यांत यजमानाचें नांव होतें. म्हणून कोणती माशी मागवावयाची हा प्रश्न उरला नाहीं. 'ॲसिरोफॅगस पपायी' २०१० सालीं आली, सोडली गेली, आणि ढेकूण आवरला. पांच-सात वर्षांपूर्वीं कोणाच्या तरी टेबलावर लिहिली गेलेली दोन पानें तामिळनाडूच्या मळ्यांत उपयोगास आलीं. किती साहित्यकृतींविषयीं असें म्हणतां येईल?

डहाणूच्या बाजूस या प्रकारच्या लेखनास लागणारी नजर नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं वारली चित्रकला जगापुढें नेली. त्या चित्रांतील मनुष्य म्हणजे टोंकाशीं टोंक लावलेले दोन त्रिकोण. कंबर म्हणून एक बिंदु. गांधीलमाशीच्या गणांतील बहुतेक कीटकांचें बाहेरून दिसणारें मुख्य लक्षण हीच बारीक कंबर, जिच्यामुळें मादीस उदर पाहिजे तसें वळवून अंडें घालतां येतें. चित्रकाराच्या मनांत माशी होती असें आम्ही सुचवीत नाहीं. नको तें गाळून असाधारण तेवढें ठेवणें ही लक्षणकाराची वृत्ति मात्र त्या पांढऱ्या रेषांत आहे, आणि ती त्या मातींतली आहे.

तेव्हां निबंधकारांस दोष देऊन थांबणें योग्य नव्हे. ज्या दहा ओळी आम्ही मागतों त्यांचा मसुदा आमचा आम्हींच करून पाहिला. एका जातीचा दावा तो करीत नाहीं. अळींतून निघून बाहेर कोश विणणाऱ्या या उपकुलांतील माशांना मिळून तो लागूं पडावा. तज्ज्ञांनीं त्यावर खुशाल तांबडी शाई चालवावी.

'भाताच्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि पानावर अळी सुस्त पडलेली, खाणें सोडलेली, आणि तिच्या अंगावर अगर लगत तांदुळाएवढे किंवा त्याहून बारीक, पांढरे वा पिवळट, लांबट दाणे दिसल्यास तीं अळीचीं अंडीं नव्हत. अळी ही बाल्यावस्था आहे. फुलपाखरूं किंवा पतंग झाल्यावांचून ती अंडें घालूं शकत नाहीं. सबब अळीस अंडीं हा असंभव दोष. दाणा नखानें हलकेच उकलावा : अंडें फुटतें व ओल लागते, कोशाचा रेशमासारखा धागा सुटतो. दाण्याच्या एका टोंकास झांकण कापल्यासारखें गोल छिद्र असेल तर आंतील माशी केव्हांच उडून गेली. नसेल तर ती अजून आंत आहे. अशी अळी मारूं नये. ती यापुढें पान खाणार नाहीं. पान तोडलें असल्यास तें बांधावर सावलींत, मुंग्या लागणार नाहींत असें ठेवावें. माशा निघतील त्या काळसर, अगदीं लहान, माणसास न डसणाऱ्या. त्यांतल्या चार बाटलींत घालून सोबत चिठ्ठी ठेवावी, आणि चिठ्ठीवर गांवाचें नांव, दिवस, पीक आणि अळी कोणती, हें लिहावें. अळीचें नांव ठाऊक नसल्यास अळीच दुसऱ्या बाटलींत ठेवावी.'